धाकटीची हिरवी टोपी

चादरीचं एक टोक दोरीवर होतं आणि दुसरं अजून बादलीत. मधला पिळा धाकटीच्या दोन्ही हातांत होता, कोपरांवरून पाणी ठिबकत होतं, आणि ती तशीच उभी राहून गच्चीच्या कठड्यापलीकडे बघत होती. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या, आणि टाकीवर एक कबुतर. एकाएकी तिनं पिळा सोडून दिला, हात स्कर्टला पुसले आणि जिना उतरून घरात आली.

नवरा शहरातल्या बसवर चालक. आज त्याची सुट्टी होती, म्हणून तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करत होता.

"झालं वाळत घालून?"

"हो."

"मग बादली कुठाय?"

धाकटी सरळ आतल्या खोलीत गेली. कपाटाच्या वरच्या फळीवरून तिनं गोल खोका काढला, झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं. खोका परत वर गेला. सकाळपासून हे असंच चाललं होतं. चहा ठेवायचा आणि खोका बघायचा, केर काढायचा आणि खोका बघायचा. पायाला जणू भिंगरी बांधलेली.

"अंडी घालणार आहे का ती टोपी?" नवऱ्यानं बाहेरून विचारलं.

"तुम्ही बूट पुसा."

काल दुकानात ती खोटं बोलली होती. तसं पाहिलं तर दिवसभरात माणूस दहा लहानसहान खोटी बोलतं आणि देवही त्यातली निम्मी कानाआड करत असेल. पण काही खोटी बोलल्या जागीच विरून जातात आणि काही पायांत उतरतात, माणसाला बसू देत नाहीत. हे दुसऱ्या जातीचं होतं. आणि ते त्या खोक्यातल्या टोपीपायी बोललेलं होतं.

धाकटी म्हणजे चार बहिणींतली शेवटची. पन्नाशी उलटली तरी माहेरच्यांना ती धाकटीच, आणि लग्नानंतर नवराही तेच नाव घेऊन बसला. लहानपणी थोरलीचा फ्रॉक दुसरीला जायचा, दुसरीचा तिसरीला, आणि धाकटीच्या अंगावर येईपर्यंत त्याचा मूळ रंग कोणता होता हे फक्त आईला आठवायचं. दर वर्षी शाळा सुरू होताना ती नव्या फ्रॉकसाठी रडून घर डोक्यावर घ्यायची. पुढे नोकरी लागली, पहिला पगार हातात आला, तेव्हा दुकानात जाऊन तिनं एकदम कोरा करकरीत पोशाख घेतला. दिवसभर घातला. मानेला कॉलर टोचत होती, बाह्या आपल्याच तोऱ्यात उभ्या होत्या, आणि बोलावलं नसताना कुणाच्या घरी जाऊन बसल्यासारखं तिला दिवसभर वाटत राहिलं. तो पोशाख तिनं शेजारच्या मुलीला देऊन टाकला.

मग बऱ्याच वर्षांनी, कपाटाला कुलूप शोधत जुन्या बाजारात फिरताना, एका गाड्यावर तिला तपकिरी कोट दिसला. सहज म्हणून तिनं बाहीत हात घातला. त्या बाहीला कोपरापाशी आधीच बाक होता. कुणीतरी बाई उभं आयुष्य त्या बाहीत हात वाकवत आली होती. धाकटीचा हात त्या बाकात असा बसला, की कुलूप राहिलं बाजूला आणि ती कोट घालूनच घरी आली.

तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. लेक शिकायला दूरच्या गावी गेली, तिची खोली रिकामी झाली आणि त्या खोलीत एकेक करून कपाटं शिरली. जुने कोट, घड्यांचे लांब स्कर्ट, कोपरापर्यंतचे हातमोजे, आणि टोप्या. गवताच्या विणलेल्या, मखमलीच्या, जाळीदार, आणि सगळ्यांत जास्त फेल्टच्या, म्हणजे लोकर दाबून दाबून केलेल्या जाड कापडाच्या. ही सगळी ती नुसती जमवत नव्हती, रोज घालत होती. भाजी आणायला हातमोजे, बँकेत जायला मखमली टोपी. गल्लीतली पोरं तिला टोपीबाई म्हणायची. नवरा म्हणायचा, "जगाला टोप्या घालणारे पुष्कळ पाहिले. रोज स्वतःलाच घालणारी ही एकच."

थोरली बहीण तर फोनवर सुनवायचीच. "माझा उतरलेला फ्रॉक घालताना नाकाचा शेंडा लाल करायचीस. आता परक्यांचे उतरलेले घालतेस, तेही पदरचे पैसे देऊन!"

"तुझे फ्रॉक घालण्यासारखे ठेवायचीस कुठं तू? निम्मी बटणं चावून खाल्लेली असायची."

"चल! बटणं तिसरी खायची."

या सगळ्या पसाऱ्यात ती हिरवी टोपी वेगळी. बाटलीच्या काचेचा असतो तसला हिरवा रंग, अरुंद काठ, मागच्या बाजूनं काठाला वर वळवलेली एक घडी. बाजारात ती एका कापडी पिशवीत सापडली होती. वर जुन्या चपला, खाली टोपी, तीही चेमटलेली. धाकटीनं ती घरी आणली आणि तिच्यामागे हात धुऊन लागली. किटलीच्या वाफेवर धरून माथ्याचा पोचा काढला. मऊ ब्रशनं एकाच दिशेनं घासून घासून लोकर वर आणली. मळकी रिबीन उतरवून नवी शिवली. आतली चामड्याची पट्टी, जी कपाळाला लागते आणि घामानं काळी पडते ती, उसवून पुसली, तेल दिलं, बारीक टाक्यांनी परत बसवली. टोपी अशी झाली, की काल दुकानातून आणली म्हणून सांगावं.

बाकीच्या टोप्या घालून ती आरशात बघायची. हिरवी घातली की आरसा लागत नसे. ती घालून निघालं की मान आपोआप ताठ व्हायची, आणि कामाला जायला ती मुद्दाम लांबचा रस्ता धरायची.

काम म्हणजे चष्म्याच्या दुकानातलं. नंबर मालक स्वतः काढायचे. चौकट निवडून देणं, नाकावर बसवणं, काड्या कानामागे वाकवणं हे सगळं धाकटीकडे. वीसेक वर्षं माणसांची तोंडं अशी जवळून पाहिल्यावर कुणाचा डावा कान वर आहे नि कुणाचं नाक कुठल्या बाजूला झुकलंय, हे तिला लांबूनच कळायचं. टोपी तिथं काउंटरच्या मागे खुंटीला लटकायची.

काल दुपारी एक आजोबा आले. उंच, किंचित वाकलेले, कोटाची सगळी बटणं लावलेली. मालकांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि भिंगं बदलायची ती जड चौकट नाकावर ठेवली. चौकट घसरू नये म्हणून धाकटी मागून धरून उभी होती.

"आता वाचा आजोबा. वरची ओळ."

"टोपी," आजोबा म्हणाले.

"टोपी नाही. तिथं अक्षरं आहेत."

"अक्षरांचं राहू द्या हो. ती टोपी." ते तक्त्याकडे बघतच नव्हते. मान वळवून खुंटीकडे बघत होते, आणि ती लोखंडी चौकट धाकटीच्या हातातून सुटता सुटता राहिली. "ती कुणाची?"

"आमच्या टोपीबाईंची," मालक हसून म्हणाले. "मोठा शौक आहे त्यांना."

"आमच्या हिची अशीच होती." आजोबांनी हातानं हवेत काठ काढून दाखवला. "मागं अशी घडी. अगदी अशी." मग ते सांगत बसले. घर बदललं. मुलाकडे राहायला आले. सामान आवरताना एक पिशवी भंगारात गेली, त्यात टोपी गेली. तेव्हापासून बायको घराबाहेर पडत नाही. तिला हल्ली काही गोष्टी आठवतात, काही नाही. पण टोपी रोज आठवते. रोज तयार होते, दारापर्यंत जाते, डोक्याला हात लावते, आणि मागे फिरते. डॉक्टर म्हणतात, चालायला पाहिजे, नाहीतर पाय जातील. नव्या टोप्या आणून झाल्या, तिनं एकही डोक्याला लावली नाही. "मी बाजार पालथा घातला," आजोबा म्हणाले. "पण डोळ्यांना दिसायला पाहिजे ना. म्हणून म्हटलं आधी चष्मा करू."

मालकांनी खुंटीकडे पाहिलं. आणि धाकटीच्या तोंडून भस्सकन बाहेर पडलं, "अशा पुष्कळ निघायच्या हो त्या काळी. ही माझ्या आत्याची आहे."

"हो का," आजोबा म्हणाले. "चांगली ठेवलीय." आणि तक्त्याकडे वळून त्यांनी शहाण्या मुलासारखी वरची ओळ वाचून दाखवली.

हे सगळं तिनं काल रात्रीच्या जेवणात नवऱ्याला सांगितलं होतं, अर्धवट, ताटात बोट फिरवत. तो घास थांबवून म्हणाला होता, "तुला आत्या कुठून आली? सासरे तर एकुलते एक." तेवढंच. पुढे तो काही बोलला नाही, आणि बोलला नाही म्हणूनच ते जास्त लागलं.

आता बूट चकचकीत झाले होते. धाकटीनं परत खोका काढला. या वेळी तो फळीवर परत गेला नाही.

"दुकानात जाऊन येते."

"आणि ती वरची?" नवऱ्यानं गच्चीकडे हात केला.

"तुम्ही घाला ना वाळत. सुट्टीच आहे."

"सुट्टी आहे म्हणूनच तर बसलोय," तो म्हणाला, पण उठला.

रस्त्यात तिनं थोरलीला फोन लावला. का लावला ते तिलाही सांगता आलं नसतं. कुणीतरी दोन शब्द बोलावेत, हो म्हणावं किंवा नाही म्हणावं, एवढंच. थोरलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देऊन टाक. तुझ्याकडे कमी आहेत का? डोकं तर एकच दिलंय देवानं."

"तसं नाही गं. पैसे देऊन घेतलीय मी. मेहनत केलीय तिच्यावर. चेमटलेली होती नुसती."

"मग नको देऊस."

"पण ती बाई घराबाहेर पडत नाहीये."

"मग दे! एकदा इकडे, एकदा तिकडे! फोन कशाला केलास? तुझं तुला कळत नाही तर माझं डोकं का खातेस?" आणि थोडं थांबून, खालच्या आवाजात, "धाकटे, लहानपणी तुझ्याकडून काही काढून घेतलं की तू अशीच गोल गोल फिरायचीस. आई म्हणायची, हिला एक तर द्या, नाहीतर झोपवा."

तिचीही आज सुट्टी होती, पण दुकान उघडं होतं आणि आजोबांचा चष्मा तयार होता. मालक म्हणाले, "सोमवारी येतील न्यायला." धाकटी म्हणाली, "मी देऊन येते. नाकावर बसवून बघावा लागेल." मालकांनी चष्म्याच्या डबीकडे पाहिलं, मग तिच्या काखेतल्या गोल खोक्याकडे पाहिलं, आणि पत्ता सांगितला. वीस वर्षांत तिनं कुणाचा चष्मा घरपोच दिला नव्हता.

इमारत नवी होती, जिन्याला अजून रंगाचा वास होता. तिसऱ्या मजल्यावरचं दार सुनेनं उघडलं. दाराच्या अगदी आत, पायपुसण्याशेजारी, एक खुर्ची होती आणि खुर्चीत एक बारकी म्हातारी बसलेली. अंगात कोट, पायात नाडीचे बूट, मांडीवर पर्स. स्टेशनात गाडीची वाट बघावी तशी.

"कुठं निघालात आजी?" धाकटीनं विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवंच होतं.

"बाहेर. टोपी सापडत नाहीये." आजींनी आत मानेनं दाखवलं. "यांनी ठेवलीय कुठंतरी. हे एकदा काही ठेवतील ना, देवाला सुद्धा सापडणार नाही."

आजोबा बाहेर आले. धाकटीला पाहून थबकले, मग त्यांची नजर खोक्यावर गेली. धाकटीनं आधी चष्मा काढला, त्यांच्या नाकावर बसवला, काडी कानामागे थोडी वाकवली. हात कामात असले की बोलायला बरं पडतं.

"आजोबा, मला आत्या नाही."

"ते कळलं होतं मला," आजोबा हलू नये म्हणून ताठ उभे राहून म्हणाले. "पण चष्मा करणाऱ्या बाईशी कोण वाद घालणार? भलताच नंबर बसवून दिलात तर?"

ती हसली नाही. तिनं खोका उघडला.

सून चटकन पुढे आली. टोपी बघून तिनं तोंडावर हात ठेवला. "हीच हो. हीच. मीच दिली होती ती पिशवी. मला वाटलं, चपला आहेत नुसत्या. घरात कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, त्याचंच जास्त झालंय मला."

आजोबांनी टोपी घेऊन आजींच्या मांडीवर ठेवली. "घे. सापडली."

आजींनी ती दोन्ही हातांनी काठाला धरून उचलली. धाकटीनं ते पाहिलं. टोपी माथ्याला चिमटीत धरून उचलायची नाही, काठाला धरायची, हे तिनं स्वतःच्या नवऱ्याला शिकवायचा प्रयत्न करून नाद सोडला होता. इथं ते हातांना पाठ होतं. आजींनी टोपी उलटी केली आणि उजवा अंगठा आतल्या पट्टीवरून फिरवला. अंगठा एका जागी थांबला, मागे आला, परत पुढे गेला, तिथंच घुटमळला. मग आजींनी टोपी मांडीवर ठेवली.

"ही नाही."

"अगं, नीट बघ तरी."

"तुम्ही बघा. नवा चष्मा आहे ना? ही कुणाची तरी नवी आहे. द्या जिची तिला. शोधत असेल बिचारी."

आजोबा बराच वेळ समजावत राहिले. घडी दाखवली, रंग दाखवला, सुनेनं एक जुना फोटोही आणला. फोटोतल्या टोपीकडे बघून आजी म्हणाल्या, "हो, ही माझी," आणि मांडीवरच्या टोपीकडे बघून, "ही नाही." एकदा त्यांनी ती डोक्यावर ठेवूनही पाहिली, आणि गरम भांड्याला हात लागावा तशी काढली. शेवटी आजोबांनी टोपी खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि खोका धाकटीच्या हातात दिला.

"न्या तुम्ही. तुमच्याकडे शोभते. आमची दुसरी असेल."

धाकटी जिना उतरू लागली. खरं तर आता झालं होतं. तिनं खोटं कबूल केलं होतं, टोपी दारात नेऊन दिली होती, जिची म्हणतात तिनंच नको म्हटलं होतं. आता ती टोपी डोक्यावर ठेवून लांबच्या रस्त्यानं घरी जायला ना देवाची आडकाठी होती, ना माणसाची. पहिल्या वळणावर तिनं टोपी खोक्यातून काढून घातलीसुद्धा. जीव असा हलका झाला, की कठड्यावरून घसरत खाली जावंसं वाटलं.

दुसऱ्या वळणावर तिला तो अंगठा आठवला.

तिनं टोपी काढली. स्वतःचा अंगठा पट्टीवरून फिरवला. गुळगुळीत. तेल दिलेलं मऊ चामडं, बारीक एकसारखे टाके. आजींचा अंगठा काय शोधत होता? ती चार पायऱ्या उतरली, दोन चढली, परत उतरली. खालच्या मजल्यावरच्या बाईनं दार किलकिलं करून विचारलं, "काही हरवलंय का?" धाकटी म्हणाली, "नाही, नाही." आणि तसं म्हणतानाच तिच्या डोळ्यांपुढे आपलं स्वयंपाकघरातलं टेबल उभं राहिलं. टेबलावर उसवलेली पट्टी, आणि पट्टीतून वर आलेला काळ्या जाड दोऱ्याचा एक गठ्ठा. मोचीकाम केल्यासारखी ओबडधोबड गाठ. कुणा अडाण्यानं केलेली दुरुस्ती, असं म्हणून तिनं नखं कापायच्या कात्रीनं ती कचकन कापून काढली होती. वर नवऱ्याला हाक मारून दाखवलंही होतं, "बघा, लोक काय काय करून ठेवतात चांगल्या वस्तूला!"

जुन्या कपड्यांच्या मागे लागलेल्या माणसाचंच हे पाप. वस्तू इतकी मूळपदावर आणायची, की जिनं ती वापरली तिचा हात तिच्यावरून पुसून जावा. आणि हीच धाकटी एके काळी परक्या बाहीतल्या बाकावर भाळली होती. त्या कोटाला तिनं कधी इस्त्री करून बाक काढला नव्हता. टोपीच्या बाबतीत मात्र हात आवरला नाही.

तिथंच पायरीवर बसून, पट्टी उलटवून तिनं त्या दोऱ्याच्या सुईनं पडलेलं भोक शोधलं. वाफेनं आणि तेलानं चामडं भरून आलं होतं, माग राहिला नव्हता. डावीकडे होती की उजवीकडे? तिला आठवेना. ती उठली आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.

दार उघडंच होतं. आजी अजून खुर्चीत, बूट तसेच.

"आजोबा, टोपीच्या आत एक गाठ होती. काळ्या दोऱ्याची. कुठल्या बाजूला, आठवतंय?"

"गाठ?" आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. "गाठबीठ काही नव्हती. चाळीस वर्षं बघतोय मी ती टोपी."

"तुम्ही कशी बघणार?" खुर्चीतून आवाज आला. "तुम्ही झोपलेले."

सगळे आजींकडे वळले. आजी समोरच्या भिंतीकडे बघून बोलत होत्या, कुणाला सांगितल्यासारखं नाही. "दवाखान्यात पहाटेची पाळी असायची. दिवा लावला की हे जागे व्हायचे, आणि एकदा जागे झाले की परत झोप नाही, दिवसभर चिडचिड. म्हणून मी अंधारातच सगळं करायची. बूट कळतात, कोट कळतो. टोपी कळत नाही, पुढचं मागे होतं. एकदा तशीच उलटी घालून गेले, वॉर्डातले पेशंट हसून हसून बेजार. मग मी दोरा घातला. अंगठा लागला की कळायचं."

आजोबांनी चष्मा काढला, कोटाच्या कडेनं पुसला, परत घातला. "मला कधी बोलली नाहीस ते."

"बोलले असते तर उठून दिवा लावला असतात."

धाकटी आजींच्या पुढ्यात जमिनीवरच बसली आणि उलटी टोपी त्यांच्या हातात दिली. "आजी, अंगठा ठेवा. जिथं लागायचा तिथं." अंगठा पट्टीवरून निघाला आणि मघाच्याच जागी थांबला. डाव्या कानाच्या जरा पुढे. धाकटीनं तिथं खडूची खूण केली. खडू सुनेच्या शिवणाच्या डब्यातून आला, तिथूनच सुई आली आणि शिलाई मशीनचा काळा दोरा आला. तो चौपदरी करून धाकटीनं गाठ मारली, एकावर एक, शक्य तेवढी जाड. ताठ लावलेल्या पट्टीत सुई घालताना तिचं बोट टोचलं, पण तिनं ते कुणाला कळू दिलं नाही.

आजींनी अंगठा फिरवला. तो गाठीवरून सहज पुढे निघून गेला.

"केस अडकलाय काहीतरी," त्या म्हणाल्या.

"अजून घालू का दोन पदर?" सुनेनं विचारलं.

"नको. हा दोरा दबतो. तसला पाहिजे, मोच्याकडचा. मेण लावलेला." धाकटी उठून उभी राहिली. गुडघे दुखत होते. "आहे का जवळपास कुणी?"

"खाली, औषधाच्या दुकानाला लागून बसतो," आजोबा म्हणाले. "टोपी घेऊनच जा ना. तो घालून देईल."

धाकटीनं टोपीकडे पाहिलं. ती आजींच्या मांडीवर उलटी पडली होती, मासळी उलटी पडावी तशी, आतलं चामडं वर. आजींचा एक हात काठावर होता. आपली म्हणून नव्हे, पडेल म्हणून धरावी तसा.

"नाही. राहू दे इथंच," ती म्हणाली. "टोपी नेली आणि वाटेत माझं मन फिरलं तर? माझा काही भरवसा नाही. दोरा मी आणते. टोपी आता इथून हलायची नाही, गाठ जमो, न जमो."

"आणि नाहीच ओळखली हिनं, तर?"

"तर मी उद्या परत येईन. दोरा बदलू. ती रिबीन पण नवी आहे, ती मळवून आणावी लागेल. बघू ना."

"बाई कोण आहे ही?" आजींनी सुनेला विचारलं.

"चष्म्याच्या दुकानातल्या आहेत."

"मग टोपीचं काय करतेय?"

"तेच मला घरचे पण विचारतात," धाकटी म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.

रस्त्यावर वारा होता. कैक वर्षांत ती उघड्या डोक्यानं भर दुपारी चालली नव्हती. केस तोंडावर येत होते, ते कुठं खोचावेत हेही सुचत नव्हतं. फुटपाथवरच्या एका बाईनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि ते तिला अंमळ झोंबलं. मागे वळून वर बघावं, आजी अजून दारातच बसल्या असतील का, असं एकदा मनात आलं. पण तिसऱ्या मजल्याची खिडकी या बाजूला नव्हती. आणि वळून बघितलं असतं, तर टोपी आठवली असती. ती तशीच पुढे चालत राहिली, पाय उचलून, पदपथाच्या कडेकडेनं. औषधाच्या दुकानाची पाटी दिसली. तिला मोच्याकडून मेण लावलेला जाड काळा दोरा आणायचा होता, हातभर.